जिन्याची खालची पायरी

हुडकेश्वर, नागपूर
६ जानेवारी २०२५

नागसेनभाऊंना नमस्कार,

अक्षर ओळखलं नसेल तर आधी ओळख देते. मी सिंधू काळमेघ, तुमच्या पायलची चौथीतली बाई. २०१६च्या मे महिन्यात, आमच्या अदितीच्या लग्नाआधी, तुम्ही ज्या घराच्या हॉलमध्ये टाइल्स बसवल्या ते घर माझं. परवा इतवारीत कुकरची रिंग घ्यायला गेले तर पायल भेटली. तुमच्या तोंडाच्या ऑपरेशनचं तिनेच सांगितलं. "बाबाले आता बोलता नाही येत बाई. पण लिहून सगळं सांगतात, वही घेऊनच बसले राहतात," असं म्हणाली, आणि गावचा पत्ता दिला. खर्ऱ्यावरून, त्या तंबाखू-सुपारीवरून, मी तुम्हाला त्या वेळी किती टोचून बोलत होते. आता ते आठवून मलाच वाईट वाटतं.

पत्र लिहायचं कारण कामाचं आहे. हॉलची फरशी काढून नवीन बसवायची आहे आणि ठेकेदार ठरवायचा आहे. दोघे येऊन गेले. एकाने दारातूनच हॉल पाहिला आणि म्हणाला, आहे त्याच टाइल्सवर केमिकल लावून नवीन चिकटवतो, तीन दिवसांत मोकळे. दुसरा सोबत नमुन्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन आला होता, तो संगमरवरासारख्या टाइल्सवरून खाली उतरायलाच तयार नाही. तिसरा ऋषिकेश म्हणून आहे, तो पुढच्या आठवड्यात येईन म्हणतो. मला यातलं काही कळत नाही. आयुष्यभर शाळा केली. घरातली कामं हे बघायचे, म्हणजे अदितीचे बाबा.

तुम्ही म्हणाल, माझी फरशी चांगली आहे, एक टाइल हललेली नाही, मग का काढता. तेही लिहिते.

अदितीला पाचवा महिना आहे. लग्नाला नववं वर्ष, म्हणजे किती वाट पाहिली असेल समजा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, मला आता दुसरं काही मागायचंच नाही. पण ती यायला तयार नाही. तिच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी हे जिन्यावरून पडून गेले, ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर ती या घरात तीनदा आली आणि तीनही वेळा जिन्याच्या खालच्या पायरीवर अडखळली. तिचं म्हणणं, तिथे बाबा आहेत आणि ते मला ढकलतात. लग्न तिने स्वतः जुळवलं होतं. यांनी होकार दिला, पण लग्नाचे दोन दिवस मांडवात बसले नाहीत, व्याह्यांशी धड बोलले नाहीत, जिन्याखाली उभे राहिले ते उभेच. कन्यादानापुरते आले आणि परत तिथेच. व्याही रुसले ते अजून आहेत. अदिती म्हणते, बाबा माझ्यावर रागावून गेले. मला तिला नाही म्हणता येत नाही, कारण त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं आणि मी यांना तसं बोललेही होते.

"आई, ती फरशी काढ, मग येते," असं ती आता म्हणाली आहे.

अजून एक, जे मी कुणाला सांगितलं नाही. हे फक्त तिच्याच बाबतीत होत नाही. टाकी साफ करणारा, कामाला येणारी जया, शेजारची प्रीती, जो जिना उतरतो तो तिथे दचकतो. वरून येताना शेवटचा पाय टाकला की जमीन लागायच्या आधीच खालून कोणीतरी पाय झेलतं. कोणी तळहात धरावा तसं. अदितीला ते ढकलणं वाटतं, मला नाही वाटत. आठ वर्षं मी रोज सकाळी उतरते, तो हात लागतो, आणि मी "उतरले हो" म्हणते. शिकवणाऱ्या बाईने असं लिहू नये, पण आहे ते असं आहे. फरशी काढली की हे जातील, हे अदितीला हवं आहे आणि मला त्याचीच भीती वाटते.

तरी काढायची. तुम्ही येऊ शकाल का? येणं झालं नाही तर कसा माणूस घ्यावा आणि त्याला काय विचारावं, एवढं तरी कळवा.

सिंधू काळमेघ


पिंपळदरा, ता. नरखेड
१७ जानेवारी २०२५

बाईंना सविनय जयभीम.

पत्र मिळालं. अक्षराला हसू नका, सातवी शिकलेला माणूस आहे. पायल तुमचं नाव घेते तेव्हा अजून पाठ सरळ करते.

येणं होणार नाही. छातीचं मांस काढून गालाला लावलं, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात खाट टाकून बसतो. कोणी आलं तर वही पुढे करतो. जेवण पातळ करून, गाळून घ्यावं लागतं.

तुमच्या कामाचं लिहितो. टाइल्सवर टाइल्स मुळीच लावू देऊ नका, कितीही चांगलं केमिकल असो. माझी टाइल काढा आणि तिच्याखालची जुनी शहाबादीही काढा. आठ दिवस धूळ होईल ती होऊ द्या. नवीन फरशी शहाबादीच्या जुन्या उंचीवर आली पाहिजे, हे कागदावर लिहून घ्या.

माणूस ओळखायची रीत अशी. पहिली टाइल कुठून लावणार, हे विचारा. जो म्हणेल भिंतीपासून सुरू करतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. चांगला मिस्त्री आधी दारात उभा राहून दोरी धरतो, दारासमोर अख्खी टाइल येईल असं पाहतो आणि कापलेले तुकडे सोफ्याखाली जातील असे ढकलतो. माल टाकायच्या आधी टाइल्स नुसत्या मांडून दाखवा म्हणा. आणि जो जिना न पाहता कामाचं बोलेल त्याला काम देऊ नका. हे शेवटचं विसरू नका.

साहेबांबद्दल तुम्ही लिहिलं ते वाचलं. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले, भूत मानत नाही. पण तुमच्या घरात कोण आहे आणि कोण नाही, हे मी इथून काय सांगणार. अदितीबाईंना बाळंतपणासाठी घरी आणा. काम लवकर करा.

नागसेन रामटेके


हुडकेश्वर
२ फेब्रुवारी २०२५

नागसेनभाऊ,

तुम्ही सांगितलं तसंच केलं. केमिकलवाला भिंतीपासून सुरू करतो म्हणाला, त्याला चहा पाजला. पुस्तकवाल्याने जिन्याकडे पाहिलंही नाही. ऋषिकेश आला, दारात उभा राहिला, दोरी धरली, मग न सांगता जिन्याकडे गेला. वर गेला, खाली आला, आणि खालच्या पायरीवर तोही अडखळला. मी म्हटलं, तिथे असं होतंच, आमच्या घरातली ती एक गोष्ट आहे. त्याने टेप काढला आणि एकेक पायरी मोजत बसला.

"काकू, भूतबित काही नाही हे," तो म्हणाला. "बाकी साऱ्या पायऱ्या साडेसहा इंचाच्या हायत. ही साडेचारची. जुन्या फरशीवरच नवी टाकली ना, त जमीन दोन इंच वर आली आन् जिना तिथंच राहिला. दहा पायऱ्या उतरेपर्यंत पायाले साडेसहाची सवय लागून जाते. मंग दणका बसते."

मी त्याला पाणी दिलं. तो गेला. मग मी स्वतः स्वयंपाकघरातली पट्टी आणून मोजलं. साडेचार.

आता मी विचारते. तुम्ही लिहिलं होतं, जिना पाहणारा माणूस घ्या, हे विसरू नका. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं? यांच्या तेरवीला तुम्ही आमच्या अंगणात पंगतीला बसला होता, मी स्वतः तुम्हाला वाढलं. तेव्हा माहीत होतं का? आठ वर्षं मी एका सिमेंटच्या थराला "उतरले हो" म्हणत आले, आणि हे सांगू शकणारा माणूस नरखेडच्या एसटीने दोन-अडीच तासांवर बसून होता.

माझा माणूस तुमच्या त्या दोन इंचांनी गेला का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

सिंधू काळमेघ


हुडकेश्वर
२१ फेब्रुवारी २०२५

नागसेनभाऊ,

तीन आठवडे झाले. पायलला फोन केला तर ती म्हणाली, बाबांना पत्र मिळालं, ते वही उघडतात आणि बंद करतात. तब्येत बरी आहे म्हणाली. म्हणजे लिहायचं नाही एवढंच.

अदितीला सातवा लागतो आहे. फरशी निघाली की ती येईल. ऋषिकेशला मी थांबवून ठेवलं आहे, कारण फरशी फुटायच्या आधी मला हे कळायला हवं. एकदा मलबा ट्रॉलीत भरून गेला की मी कुणाला विचारू?

आणि तुम्हाला म्हणून सांगते, मोजून झाल्यावरही तो हात लागतोच. आता मला कळतं की ती फरशी आहे, आणि तरी रोज लागतो.

सिंधू


पिंपळदरा
१ मार्च २०२५

बाई,

हो.

तुम्ही एवढंच मागितलं होतं, पण नुसतं हो लिहिलं तर ते पुरतं खरं होणार नाही. म्हणून उशीर झाला. चार पानं फाडली.

तुम्हाला आठवत असेल, टाइल्सचा ट्रक आठवडाभर उशिरा आला. तोवर तुमच्याकडे लग्नाची मुहूर्तमेढ रोवून झाली होती, अंगणात आंब्याच्या डहाळ्या बांधलेली. मी घण घेऊन दारात आलो तर तुम्ही आडव्या आलात. मेढ रोवली की त्या घरात घण चालत नाही, सासूबाईंचा नियम आहे, असं म्हणालात. मी म्हटलं, "बाई, जुनी शहाबादी काढा लागते, नाही त लेव्हल वर येते." तुम्ही म्हणालात, येऊ द्या वर, लग्न झाल्यावर बघू. मी दरवाजे खालून तासावे लागतील असं सांगितलं, तुम्ही बरं म्हणालात. जिन्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पस्तीस वर्षं फरशी बसवली, आणि आलं नाही. हा माझा पहिला गुन्हा.

तिसऱ्या दिवशी टाइल्स बसवत जिन्यापाशी पोचलो तेव्हा दिसलं. साहेबांना बोलावलं. त्यांनी टेप लावला. मग त्याच पायरीवर बसले. मी म्हटलं, एवढीच पट्टी फोडतो, दोन घंट्याचं काम. ते म्हणाले, "मेढ हाय गा. सिंधूले समजलं त लग्नभर जिवाले लावून घेईन, का माह्या नियमानं असं झालं. लग्न होऊ दे. मंग तू ये. पायऱ्यांईले थोडा थोडा माल चढवू आन् हे दोन इंच सगळ्याईत वाटून टाकू. तिले काही सांगू नको." मी विचारलं, तोवर पाहुण्यांचं काय? ते म्हणाले, "तोवर मी उभा राहतो ना."

बाई, ते रागावले नव्हते. ते दोन दिवस त्या पायरीपाशी उभे होते. वरच्या खोल्यांमध्ये तुमचे पाहुणे उतरले होते, म्हातारी माणसं होती, पोरं होती. जो उतरेल त्याला ते हात देत होते. मी जेवायला आलो तेव्हा म्हटलं, साहेब, मी थांबतो, तुम्ही मांडवात जा. तर म्हणाले, "जेऊन घे गा नागसेन. व्याह्याले मी मंग समजावतो." माझ्याकडून त्यांनी फरशी आखायच्या खडूचा तुकडा मागून घेतला होता, पायरीपाशी रेघ ओढायला.

आता दुसरा गुन्हा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी यायचं ठरलं होतं. पण इतवारीत एका दुकानाचं काम लागलं. मी निरोप पाठवला, दोन दिवसांनी येतो. चौथ्या दिवशी सिमेंट घेऊन आलो तर फाटक उघडं आणि अंगणात माणसं. हॉलमध्ये गाद्या पडलेल्या होत्या. साहेब पाहुण्यांच्या गाद्या वरून खाली आणत होते, हातात एवढ्या की पाय दिसत नसतील. मी टेप खिशात घातला आणि माणसांबरोबर दवाखान्यात गेलो. कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही.

तेरवीला तुम्ही मला दुसरा लाडू वाढलात, तो मी खाल्ला. मग तुमच्या गल्लीत लोक म्हणायला लागले, नागसेनची फरशी चांगली नाही, घरधनी गेला. मी ऐकून घेतलं. ते बरंच वाटलं, कोणीतरी काहीतरी बोलत होतं. तेव्हापासून हुडकेश्वरकडे काम निघालं तर मी दुसऱ्याला पाठवतो. साहेबांनी सांगू नको म्हटलं म्हणून मी गप्प राहिलो, असं स्वतःला सांगत आलो. पण त्यांनी लग्नापुरतं म्हटलं होतं. पुढची आठ वर्षं माझी आहेत. तेव्हा तोंड होतं आणि बोललो नाही. आता लिहून देतो आहे.

मी भूत मानत नाही. पण कुठल्याही घरात जिना दिसला की मी आधी खालची पायरी पाहतो, आणि ते तिथे हात पुढे करून उभे असतात.

नागसेन


हुडकेश्वर
१२ मार्च २०२५

नागसेनभाऊ,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. वाचून झाल्यावर मी पोळ्या केल्या, कारण कणीक मळून ठेवलेली होती. जया म्हणाली, "बाई, काहून रडून राहिल्या?" मला कळलंच नव्हतं.

त्या खडूबद्दल तुम्ही लिहिलं आहे, त्यापुढचं तुम्हाला माहीत नाही. मेहंदीच्या दिवशी सकाळी जिन्यापाशी नव्या फरशीवर पांढरी जाड रेघ दिसली. मी पुसली. दुपारी पुन्हा होती, पुन्हा पुसली. मला वाटलं पाहुण्यांची पोरं माझ्या पिशवीतले शाळेचे खडू काढून खेळताहेत. यांच्यासमोर मी म्हटलंही, नवी फरशी आहे, कोण रेघोट्या ओढतं देव जाणे.  त्यानंतर रेघ दिसली नाही. त्यानंतरच हे तिथे उभे राहायला लागले, भाऊ. रेघ ठेवता येईना म्हणून माणूस उभा राहिला. आणि मी त्याला व्याह्यांच्या देखत म्हटलं, दारवानासारखे काय उभे राहिलात, पोरीच्या लग्नात तरी तोंड सरळ ठेवा.

तुम्ही तुमचे दोन गुन्हे मोजलेत. माझे मोजत बसले तर वही पुरणार नाही. नियम माझा होता. सासूबाईंनी तो कुठल्या काळात, कशासाठी केला, मी कधी विचारलं नाही. मातीच्या भिंतींचं घर असेल तेव्हा ठीक असेल. मी पोरांना कारण विचारायला शिकवलं, घरात मात्र विचारलं नाही.

शुक्रवारी ऋषिकेशला फोन केला आणि शनिवारी घण घेऊनच यायला सांगितलं. दोन्ही थर काढले. धूळ कपाटातल्या पातळांपर्यंत गेली. तीन दिवस मी प्रीतीकडे राहिले. काल संध्याकाळी त्याने जिन्यापासून दारापर्यंतचा भाग बसवून पूर्ण केला, मला समोर बसवून खालची पायरी मोजून दाखवली. साडेसहा.

आज सकाळी मी वरून उतरले. रोजच्यासारखा शेवटचा पाय टाकला आणि तो खाली गेला, जिथे हात लागायचा तिथून खाली गेला. कठडा धरला म्हणून वाचले. नंतर मी तिथेच बसले. तिथे कोणी नाही, नागसेनभाऊ. आठ वर्षांपूर्वी यांना घरातून नेलं तेव्हा मी एवढी रडले नव्हते, कारण तेव्हा मला वाटलं होतं की हे घरातच आहेत.

आता राहिली अदिती. फरशी काढली एवढं कळवलं तरी ती येईल. तिला बाकी काही सांगायची गरज नाही, आणि तुम्हीही सांगणार नाही हे मला माहीत आहे. मी गप्प राहिले तर लेक माझ्या घरी बाळंत होईल, नातवंड माझ्या मांडीवर येईल, आणि ती जन्मभर समजेल की बाप आपल्यावर रागावून गेला. सांगितलं तर तिला बाप परत मिळेल, आणि तो कुणाच्या नियमापायी गेला तेही कळेल. मग ती येईल की नाही, मला माहीत नाही. व्याह्यांच्या घरी आठ वर्षं तिने बापावरून टोमणे ऐकले आहेत.

दोन दिवस मी हेच घेऊन बसले होते. आज दुपारी तुमचं पत्र, मूळचं, तुमच्या अक्षरातलं, पाकिटात घातलं आणि अकोल्याला तिच्या पत्त्यावर पाठवलं. सोबत माझा एक कागद जोडला, खडूचं आणि घणाचं लिहून. मी काही गाळलेलं नाही. तुम्हाला न विचारता पाठवलं, त्याबद्दल रागवा हवं तर.

सिंधू


अकोला
२४ मार्च २०२५

नागसेनकाका,

आपली ओळख फारशी नाही. माझ्या लग्नाआधी तुम्ही हॉलमध्ये काम करत होता आणि मी फोनवर बोलत तुमच्या ओल्या टाइल्सवरून चालत गेले होते, तेव्हा तुम्ही काही न बोलता ती टाइल पुन्हा बसवली होती. ती मी, अदिती.

आईने तुमचं पत्र पाठवलं. दहा दिवस झाले, मी आईला फोन केलेला नाही. तिचे दोनदा येऊन गेले, मी उचलले नाहीत. मी रागावले आहे का, ते मलाच कळत नाही. सासऱ्यांना पत्र वाचायला दिलं. ते वाचून उठून बाहेर गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, मलाही हात दिला होता त्या माणसाने, मी झटकला होता.

मला एकच विचारायचं आहे. तुम्ही लिहिलंत की जो उतरेल त्याला बाबा हात देत होते. मी शालू नेसून उतरले तेव्हा त्यांनी मला हात दिला नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि माझे वडील मान खाली घालून उभे होते. फोटोतही तसंच आहे. तो फोटो मी कधी लावला नाही. तुम्ही त्या वेळी तिथे होता का? असाल तर सांगा. नसाल तर समजूत म्हणून काही लिहू नका.

अदिती


पिंपळदरा
३० मार्च २०२५

अदितीबाई,

मी तिथे होतो. समजूत म्हणून लिहीत नाही.

तुम्ही उतरणार होता तेव्हा साहेबांनी मला जेवणावरून उठवून आणलं होतं. म्हणाले, "पोरगी येऊन राहिली, तू पलीकडून उभा राह्य." तुमच्या दोन्ही बाजूंना करवल्या होत्या, दोघींनी तुमचे दोन्ही हात धरले होते. हात द्यायला तुमचा हात मोकळा नव्हता. शालूच्या निऱ्या पायावर येत होत्या आणि तुम्ही समोर, फोटोवाल्याकडे पाहत होता. खाली कोणीच पाहत नव्हतं.

म्हणून साहेब वाकले. तुम्ही शेवटून तिसऱ्या पायरीवर होता तेव्हाच ते वाकले आणि शालूचा काठ दोन बोटांनी वर धरला. तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हे खरं आहे. ते तुमच्या पायाकडे पाहत होते. तीन, दोन, एक असे ओठ हलत होते. दुसरा हात त्यांनी जमिनीजवळ उघडा धरला होता. तुमचा पाय नीट टेकला, तुम्ही पुढे मांडवात गेलात, तेव्हा ते उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "उतरली गा पोरगी." त्यांचे डोळे भरलेले होते. मग तुमची कोणी म्हातारी आत्या उतरत होती, ते पुन्हा हात पुढे करून उभे राहिले.

माझं म्हणणं एवढंच. बाकीचं तुम्ही आणि बाई पाहा. घण मारू नका हे बाईंनी सांगितलं, पण दोन दिवस उशीर मी केला. वाटणी करायची झाली तर माझा वाटा मोठा धरा.

एक मात्र फरशीवाला म्हणून सांगतो. उंची बदलली की पायाला नवी सवय लागायला फार दिवस जातात. बाईंनी मला लिहिलं आहे, त्यांचा पाय अजून जुन्या उंचीवर जमीन शोधतो. त्या पासष्टीला आल्या आहेत आणि घरात एकट्या आहेत. रागावलात तर रागावून जा, पण जा. त्या सकाळी वरून उतरतील तेव्हा खाली कोणीतरी उभं राहायला पाहिजे.

नागसेन रामटेके